हिरव्या मस्टँगची हुलकावणी

सन १९७७ च्या डिसेंबर महिन्यात अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या एका मध्यमवर्गीय कुटुंबाला एक पत्र आले. मजकूर थोडकाच होता. पत्र पाठवणाऱ्याला त्या कुटुंबाकडची जुनी हिरवी मोटार परत हवी होती. बदल्यात तशीच दुसरी गाडी शोधून देण्याची त्याची तयारी होती; मात्र पैशाची मागणी अवाच्या सवा असेल, तर विषय तिथेच सोडून देऊ, असेही त्याने कळवले होते. खाली नाव होते स्टीव्ह मॅक्वीन याचे. काही वर्षांपूर्वी जगातील सर्वाधिक मानधन घेणाऱ्या नटांत त्याची गणना होत असे. पण गाडीच्या मालकाने पत्राला उत्तर पाठवले नाही.

हातातून निसटलेल्या गोष्टींचा मॅक्वीनला लहानपणापासून परिचय होता. त्याचा जन्म २४ मार्च १९३० रोजी इंडियाना राज्यातील बीच ग्रोव्ह येथे झाला. विमानाच्या कसरती करणारे वडील तो तान्हा असतानाच घर सोडून गेले. आई व्यसनाधीन होती. मिसुरीतील स्लेटर गावी मामेआजोबा क्लॉड यांच्या शेतावर त्याचे बालपण गेले. चौथ्या वाढदिवसाला त्यांनी त्याला एक लाल तीनचाकी सायकल दिली. वेगाची ओढ आपल्याला त्या सायकलीने लावली, असे तो पुढे सांगत असे. आईने परत नेल्यावर वाट्याला आला सावत्र वडिलांचा मार आणि रस्त्यावरची उनाडकी. अखेर कॅलिफोर्नियातील चिनो येथील बॉइज रिपब्लिक या सुधारगृहात त्याची रवानगी झाली. त्या संस्थेने त्याला शिस्त लावली. नामवंत झाल्यावर तो तिथे वारंवार जाई आणि मुलांसोबत वेळ घालवी. चित्रपट कंपन्यांकडून जीनच्या विजारी व दाढीची पाती यांसारख्या वस्तू मागून घेऊन तो तिथल्या मुलांसाठी पाठवत असे.

१९४७ मध्ये तो मरीन दलात दाखल झाला. तीन वर्षांनी बाहेर पडल्यावर माजी सैनिकांना मिळणाऱ्या शिक्षण-साहाय्यातून त्याने न्यूयॉर्कमध्ये अभिनयाचे धडे घेतले. शनिवार-रविवारी मोटारसायकलच्या शर्यती जिंकून तो खर्चाची तोंडमिळवणी करी. दूरचित्रवाणीवरील ‘वाँटेड: डेड ऑर अलाइव्ह’ या मालिकेने त्याला घरोघरी पोहोचवले. ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ (१९६०) आणि ‘द ग्रेट एस्केप’ (१९६३) यांनी तारांकित केले. कमी बोलणारा, डोळ्यांनी अभिनय करणारा हा नट यंत्रांच्या सान्निध्यात मात्र खुलत असे.

१९६८ साली पडद्यावर आलेल्या ‘बुलिट’ने त्याचे नाव एका मोटारीशी कायमचे जोडले. तो काळ अमेरिकेतील ‘मसल कार’चा होता. मध्यम आकाराच्या, सामान्य माणसाच्या आवाक्यातील गाडीत आठ सिलिंडरचे अवाढव्य इंजिन बसवायचे, ही त्या मोटारींमागची साधी युक्ती. ‘बुलिट’साठी फोर्डच्या दोन मस्टँग जीटी ३९० गाड्या घेण्यात आल्या. रंग गर्द हिरवा, इंजिन ६.४ लिटरचे, ताकद सुमारे ३२५ अश्वशक्ती. खलनायकांना मिळाली ७.२ लिटर इंजिनाची काळी डॉज चार्जर. शर्यतीच्या मोटारी बांधणाऱ्या मॅक्स बाल्चोव्स्की याने उड्यांचे हादरे सोसण्यासाठी गाड्यांचे सस्पेन्शन मजबूत करून दिले.

सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांच्या रस्त्यांवर या गाड्यांचा पाठलाग पडद्यावर जवळजवळ ११ मिनिटे चालतो. त्यात पार्श्वसंगीत पुढे थांबते आणि इंजिनांचा घरघराट व टायरांचा किंचाळा एवढेच ऐकू येते. काही ठिकाणी वेग ताशी १७५ किलोमीटरपर्यंत गेला होता. एका वळणावर मॅक्वीनचा अंदाज चुकला, गाडी पुढे निघून गेली आणि टायरांचा धूर काढत त्याला ती मागे घ्यावी लागली. तो फसलेला तुकडाही चित्रपटात ठेवण्यात आला. सर्वांत धोक्याच्या उड्या मात्र त्याचा मित्र बड एकिन्स याने मारल्या. या चित्रपटाच्या संकलनाला ऑस्कर मिळाले.

पुढे मॅक्वीनने पडद्यावरची आणि खरी शर्यत यांतील अंतर मिटवण्याचा ध्यास घेतला. १९७० च्या सेब्रिंग येथील १२ तासांच्या शर्यतीत मोडलेल्या पायाला प्लास्टर असताना तो पोर्शे चालवत होता. पीटर रेव्हसनच्या साथीने त्याने दुसरा क्रमांक मिळवला. मात्र ‘ल मान’ (१९७१) या त्याच्या स्वप्नातील चित्रपटाने त्याला आर्थिक व मानसिकदृष्ट्या खचवले. १९७२ मध्ये पहिला विवाहही मोडला. ‘द टॉवरिंग इन्फर्नो’च्या (१९७४) प्रचंड यशानंतर त्याने चित्रसृष्टीकडे जवळजवळ पाठ फिरवली. उरलेला वेळ जुन्या वस्तू जमवण्यात जाऊ लागला. त्याच्याकडे शंभरावर मोटारसायकली होत्या. पूर्वी विकून टाकलेली जॅग्वार एक्सकेएसएस ही दुर्मीळ गाडी त्याने परत मिळवली. हिरव्या मस्टँगसाठीचे पत्र याच काळातले.

मस्टँगच्या मालकाने ती गाडी १९७४ मध्ये एक जाहिरात पाहून सुमारे ६,००० डॉलरना घेतली होती. शिक्षिका असलेली त्याची पत्नी तीत बसून शाळेत जाई. दरम्यान विम्याचे चढे हप्ते, धुराविषयीचे कठोर नियम आणि १९७३ चे तेलसंकट यांनी मसल कारचा जमाना संपवला होता. अशा गाड्या तेव्हा केवळ जुन्या व पेट्रोलपिपासू म्हणून ओळखल्या जात. १९८० च्या सुमारास क्लच निकामी झाला आणि मस्टँग कोपऱ्यात उभी राहिली.

त्याच सुमारास मॅक्वीनही थांबला. १९७९ च्या डिसेंबरात त्याला मेसोथेलिओमा हा अॅस्बेस्टॉसशी निगडित कर्करोग असल्याचे निदान झाले. मरीन दलात असताना जहाजावरील नळ्यांवरचे अॅस्बेस्टॉस काढण्याचे काम त्याने केले होते. आजाराचे मूळ तिथे असावे, असे त्याला वाटे. ७ नोव्हेंबर १९८० रोजी मेक्सिकोतील सिउदाद हुआरेझ येथे शस्त्रक्रियेनंतर त्याचे निधन झाले. वय अवघे ५० वर्षे. त्याची रक्षा प्रशांत महासागरात विसर्जित करण्यात आली. जिवापाड जमवलेल्या वस्तूंचा १९८४ मध्ये लास व्हेगासला लिलाव झाला.

हिरवी मस्टँग जगापुढे आली ती २०१८ च्या जानेवारीत, डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात. मूळ मालक तोवर निवर्तला होता. गाडी आता मुलाकडे होती. जुनी मोटार विकायची तर आधी रंगरंगोटी करून ती नव्यासारखी करण्याचा रिवाज आहे. या कुटुंबाने तो पाळला नाही. उडालेला रंग, गंज आणि चित्रीकरणाचा कॅमेरा बसवण्यासाठी तळाला जोडलेले तुकडे, सारे तसेच ठेवले. त्या खुणाच तिच्या अस्सलपणाची साक्ष ठरल्या. १० जानेवारी २०२० रोजी फ्लोरिडातील किसिमी येथील लिलावात ती शुल्कासह ३७ लाख ४० हजार डॉलरना, म्हणजे त्या वेळच्या दराने २६ कोटींहून अधिक रुपयांना विकली गेली. मस्टँगसाठी तोवर लिलावात इतकी किंमत कधीही आली नव्हती.

ही किंमत त्या गाडीला आली मॅक्वीनच्या हातांमुळे. ज्याच्या स्पर्शाने ती अनमोल झाली, त्याला स्वतःला मात्र ती पुन्हा लाभली नाही. आणि कदाचित म्हणूनच ती जशीच्या तशी उरली. मॅक्वीनला ती परत मिळाली असती, तर १९८४ च्या त्या लिलावात ती एखाद्या संग्राहकाच्या हाती पडली असती आणि लखलखीत नवा रंग चढवून बसली असती. एका अनुत्तरित पत्रामुळे त्याच्या हातचे ओरखडे मात्र तिच्या अंगावर शाबूत राहिले.