आनंदीबाईंचे दुखणे



उपवासकाळात, त्यातून उन्हाळा सुरू झाला की, रविवारच्या मिस्सेला कोणीतरी चक्कर येऊन खाली बसते. बहुधा ती एखादी बाई असते. लगेच दोघीतिघी तिला धरून बाहेर नेतात, पाणी देतात, कोणी कांदा फोडून नाकाशी धरते. उपाशी असेल, ऊन लागले असेल, रात्री झोप झाली नसेल, अशी कारणेही आपणच देऊन टाकतो. दुसऱ्या रविवारी ती पुन्हा नेहमीच्या बाकावर दिसते आणि विषय संपतो. पण काही जणींच्या बाबतीत तो संपत नाही. घरी, बाजारात, एसटीच्या रांगेत त्यांना पुन्हा पुन्हा अंधारी येते. तपासण्या होतात, रिपोर्ट नॉर्मल येतात, आणि मग डॉक्टर काय किंवा घरचे काय, सगळे ते मनावर ढकलतात. दुखण्यापेक्षा हेच जास्त लागते.

अशा बहिणींची आठवण ठेवून आज एका तरुण स्त्रीची हकिकत सांगतो. नाव सर्वांना माहीत आहे: डॉ. आनंदीबाई जोशी. पहिल्या भारतीय स्त्री डॉक्टरांपैकी एक म्हणून आपण शाळेत त्यांचा धडा वाचला. मात्र त्या स्वतः वर्षानुवर्षे आजारी होत्या आणि त्यांच्या आजाराला वेळेवर नाव मिळाले नाही, हे धड्यात फारसे येत नाही. आपल्या कोल्हापूरशी त्यांचा दोन वेळा संबंध आला, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

जन्म 31 मार्च 1865 चा, कल्याणच्या जोशी घराण्यात. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झाले. नवरा गोपाळराव जोशी टपाल खात्यात नोकरीला, विधुर, वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठा. बायकोने शिकले पाहिजे हे त्यांनी डोक्यात घेतले होते. त्या काळात इतर नवरे बायको वाचताना दिसली तर मारीत. गोपाळराव ती अभ्यास सोडून स्वयंपाकघरात दिसली तर हात उचलीत. त्यांचे कौतुक करणारे पुष्कळ आहेत. मला मात्र ही गोष्ट वाचताना त्या लहान मुलीचीच कीव येते.

तेरा-चौदा वर्षांची असताना तिला मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. वेळेवर वैद्यकीय मदत मिळाली असती तर तो जगला असता, ही रुखरुख आनंदीबाईंच्या मनातून कधी गेली नाही. डॉक्टर व्हायचे हे त्यांनी तिथून ठरवले. बाळंतिणीला आणि तान्ह्या मुलाला कोण तपासणार? पुरुष डॉक्टरपुढे बाई जात नसे. गेली तरी स्वतःचे दुखणे मोकळेपणी सांगत नसे. दाराआडून किंवा नवऱ्याच्या तोंडून निरोप जायचा आणि त्यावर औषध यायचे. मधल्या मध्ये निम्मे दुखणे गळून जात असे.

याच सुमारास गोपाळरावांची बदली कोल्हापूरला झाली होती. इथे त्यांची अमेरिकन मिशनच्या लोकांशी ओळख झाली. नंतर 1878 मध्ये त्यांनी रेव्हरंड रॉयल वाइल्डर यांना पत्र लिहिले. आपल्या शहरातल्या प्रोटेस्टंट बांधवांच्या वाइल्डर मेमोरियल चर्चमध्ये ज्या घराण्याचे नाव राहिले आहे, तेच हे वाइल्डर. कोल्हापुरात त्यांनी बरीच वर्षे शाळा चालवल्या आणि मग ते अमेरिकेला परतले. पत्नीला अमेरिकेत शिकवायचे आहे, आपल्यालाही तिथे काही काम मिळेल का, असे गोपाळरावांनी विचारले होते. वाइल्डर यांनी ते पत्र आपल्या मिशनरी मासिकात छापले आणि उत्तरादाखल, जोशी कुटुंबाने ख्रिस्ती व्हावे, अशा अर्थाचा सल्ला जोडला. मदत काही मिळाली नाही.

आपण ख्रिस्ती वाचक इथे थोडे थांबलो तर बरे. दारात आलेल्या माणसाने एक मागितले आणि आपण दुसरेच काही त्याच्या हातावर ठेवले. वाइल्डर वाईट माणूस नव्हते, कोल्हापूरच्या मुलांसाठी त्यांनी खूप केले. पण त्या दिवशी त्यांनी पत्र वाचले आणि ऐकले नाही, असे मला वाटते.

ऐकले ते दुसऱ्याच कोणी. 1880 मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दात दाखवायला गेल्या होत्या. दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असताना त्या मासिकाचा जुना अंक हाती लागला. त्यांनी ते पत्र वाचले आणि या अनोळखी मुलीला स्वतः पत्र लिहिले. कसली अट घातली नाही. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या आणि दोघींची पत्रे वर्षानुवर्षे चालली.

तोवर गोपाळरावांची बदली होत होत हे जोडपे बंगालमध्ये पोचले होते. तिथे आनंदीबाईंची तब्येत ढासळू लागली. सतत डोके दुखणे, अशक्तपणा, मधूनच ताप, कधी धाप लागणे. एकही लक्षण असे नाही की ज्यावर बोट ठेवून अमुक रोग म्हणावे. औषधे झाली, गुण आला नाही. आनंदीबाईंनी हे सगळे मावशींना कळवले तेव्हा त्या बाईंनी अमेरिकेहून औषधे धाडली. त्यांचाही उपयोग झाला नाही. तरी सात समुद्रांपलीकडच्या कोणीतरी ते दुखणे खरे मानले होते.

त्या काळी बाईच्या अशा दुखण्याला युरोपातले डॉक्टरसुद्धा सर्रास हिस्टेरिया म्हणत. हा शब्द मूळ ग्रीक भाषेतल्या गर्भाशय या अर्थाच्या शब्दावरून आला. म्हणजे रोगाचे कारण काय, तर ती बाई आहे! आपल्याकडे त्यालाच अंगात येणे, बाहेरचे लागणे म्हणत. नावे वेगळी असली तरी दोन्हीकडे तपासणी तिथेच थांबायची.

एवढी आजारी असताना तिला एकटीला अमेरिकेला पाठवायचे गोपाळरावांनी ठरवले. समाजात खळबळ उडाली. तेव्हा 24 फेब्रुवारी 1883 रोजी सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीतून जाहीर भाषण केले. हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची गरज का आहे, हे त्यांनी सांगितले. मी हिंदू म्हणून जाते आहे आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हेही स्पष्ट केले. त्या वेळी त्यांना अठरावे वर्ष चालू होते. 7 एप्रिलला कलकत्त्याहून बोट निघाली आणि 4 जूनला न्यूयॉर्कला लागली. धक्क्यावर कार्पेंटर मावशी घ्यायला आल्या होत्या.

फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात त्यांना प्रवेश मिळाला. 1850 मध्ये सुरू झालेले हे कॉलेज स्त्रियांना डॉक्टरी शिकवणाऱ्या जगातल्या अगदी पहिल्या संस्थांपैकी होते. तिथल्या डीन रेचल बॉडली यांनी या मुलीला मायेने सांभाळले. पण तिथली थंडी, परके शाकाहारी जेवण आणि अभ्यासाचा ताण यांनी मुळात पोखरलेले शरीर आणखी खचले. तरीही 11 मार्च 1886 रोजी त्या एम.डी. झाल्या. प्रबंधाचा विषय होता हिंदू लोकांतील प्रसूतिशास्त्र. पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या.

आणि दुखणे? ते क्षयाचे होते. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधल्याचे मार्च 1882 मध्ये, म्हणजे आनंदीबाई निघण्याच्या एक वर्ष आधी, जाहीर केले होते. पण जंतू सापडला म्हणून औषध सापडले नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन यायला आणखी साठ वर्षे लागायची होती. तेव्हा डॉक्टरांनी ऐकले असते तरी आनंदीबाई वाचल्या असत्या, असे मी म्हणणार नाही. मात्र विश्रांती मिळाली असती, चांगले अन्न मिळाले असते. स्वतःच्याच शरीराविषयी शंका घेत जगावे लागले नसते.

डॉक्टरांच्या गळ्यातल्या नळीचीही गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. स्टेथोस्कोप शोधला तो रेने लेनेक या फ्रेंच डॉक्टरने, 1816 मध्ये. ते श्रद्धाळू कॅथोलिक होते. एक तरुण बाई हृदयाच्या तक्रारीसाठी आली होती. तिच्या छातीला कान लावणे त्यांना प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदाची गुंडाळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवले, दुसरे कानाशी धरले आणि थक्क झाले, कारण ठोके नेहमीपेक्षा स्पष्ट ऐकू येत होते. म्हणजे बाईचा संकोच सांभाळून तिचे ऐकायचे कसे, या अडचणीतून हे साधन जन्मले. लेनेक 1826 मध्ये गेले. तेही क्षयानेच.

आपल्या ख्रिस्तसभेलाही या बाबतीत उशीर झाला, हे कबूल केले पाहिजे. व्रतस्थ धर्मभगिनींनी डॉक्टर होऊन बाळंतपणे करण्याला दीर्घकाळ मनाई होती. स्कॉटलंडच्या डॉ. अ‍ॅग्नेस मॅक्लारेन यांनी रावळपिंडीला स्त्रियांसाठी इस्पितळ उभे केले आणि ही मनाई उठावी म्हणून म्हातारपणी रोमला खेटे घातले. त्यांच्या हयातीत ते झाले नाही. त्यांचीच प्रेरणा घेतलेल्या अ‍ॅना डेंगेल यांनी 1925 मध्ये मेडिकल मिशन सिस्टर्स ही संस्था काढली आणि अखेर 1936 मध्ये रोमने परवानगी दिली. आनंदीबाईंच्या पदवीनंतर पन्नास वर्षांनी! आज सिस्टर डॉक्टर पाहून आपल्याला नवल वाटत नाही.

संत मार्कच्या शुभवर्तमानातली रक्तस्रावाची बाई आठवा. बारा वर्षे दुखणे, पुष्कळ वैद्य झाले, होता नव्हता तो पैसा संपला आणि दुखणे वाढतच गेले. ती गर्दीतून येऊन प्रभूच्या वस्त्राला हात लावते आणि बरी होते. गोष्ट इथेच संपू शकली असती. प्रभू घाईत होता, याईराची मुलगी मरणपंथाला लागली होती. तरी तो थांबतो, कोणी स्पर्श केला म्हणून विचारतो आणि ती भीतभीत आपली सगळी हकिकत सांगेपर्यंत उभा राहतो. याईराच्या जिवाची काय घालमेल झाली असेल! पण तिचे सांगून होईपर्यंत तो हलला नाही.

आता ज्या बहिणींना चक्कर येते त्यांच्यासाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. आनंदीबाई लिहून कळवत असत, तुम्हीही लिहा. चक्कर कधी आली, उभे असताना की बसलेले असताना, काय खाल्ले होते, आधी छातीत धडधडले का, शुद्ध किती वेळ हरपली, हे एका वहीत तारखेसह टिपून ठेवा. ज्याने पडताना पाहिले त्याला बरोबर न्या, कारण पडणाऱ्याला स्वतःला काही आठवत नसते. रक्तातले हिमोग्लोबिन, झोपून आणि उभे राहून घेतलेले ब्लडप्रेशर आणि ईसीजी, एवढे झाले आहे का, हे विचारायला लाजू नका. एका ईसीजीत काही दिसले नाही म्हणजे हृदय ठीकच आहे असे नसते, ठोके अधूनमधून चुकत असतील तर त्या क्षणी ते सापडत नाहीत. व्यायाम करताना किंवा काही कल्पना न येता एकदम शुद्ध गेली, किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेलेले असेल, तर उशीर करू नका. एका डॉक्टरने ऐकले नाही तर दुसऱ्याकडे जा. आणि चर्चमध्ये कोणी पडले तर बाकावर बसते करू नका. आडवे झोपवा, पाय थोडे वर उचला, शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी घालू नका. कांदा घरी भाजीला राहू द्या.

पदवी मिळाल्यावर आनंदीबाईंना कोल्हापूर दरबारकडून बोलावणे आले. अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागावर डॉक्टर म्हणून त्यांची नेमणूक झाली. आपण ज्याला आज सीपीआर म्हणतो आणि जुनी माणसे थोरला दवाखाना म्हणतात, तेच हे हॉस्पिटल. ज्या शहरातून ते पहिले पत्र मिशनच्या वाटेने गेले, त्याच शहरात पगारी डॉक्टर म्हणून परतायचे होते. 16 नोव्हेंबर 1886 रोजी त्या मुंबईला उतरल्या तेव्हा लोकांनी मोठे स्वागत केले, पण उभे राहण्याचे त्राण उरले नव्हते. समुद्र ओलांडून आलेली म्हणून काही नामांकित वैद्यांनी औषध द्यायला नकार दिला, असे सांगितले जाते. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बावीस वर्षे पुरी व्हायला महिना राहिला होता. त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटर मावशींकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, त्या एका हिंदू मुलीच्या नावाच्या दगडाखाली आहेत.

कोल्हापूरची जागा त्यांना कधी घेता आली नाही. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, राजर्षी शाहू छत्रपतींच्या काळात, डॉ. कृष्णाबाई केळवकर त्याच हॉस्पिटलात रुजू झाल्या, आणि शहरातल्या बायका आपले दुखणे स्वतःच्या तोंडाने सांगायला तिथे जाऊ लागल्या.