कस्तुरबांचा परदेशातील संसार

विद्यार्थी मित्रांनो, आपले गाव सोडून दुसऱ्या गावी राहायला जाण्याचा प्रसंग तुमच्यापैकी काहींवर आला असेल. नवे घर, नवे शेजारी, न समजणारी भाषा! अशा वेळी मन बावरून जाते. मग समुद्रापलीकडच्या देशात जाऊन संसार थाटायचा म्हणजे किती कठीण, याची कल्पना करा. कस्तुरबा गांधी यांनी असा संसार केला. त्यांची ही कहाणी वाचा.

कस्तुरबांचा जन्म १८६९ साली गुजरातमधील पोरबंदर येथे झाला. त्यांचे वडील गोकुळदास कापडिया हे व्यापारी होते. त्या काळी मुलींना शाळेत पाठवीत नसत. १८८३ साली, अगदी लहान वयात, कस्तुरबांचे मोहनदास गांधी यांच्याशी लग्न झाले. पुढे १८९३ साली गांधीजी दादा अब्दुल्ला या पोरबंदरच्या व्यापाऱ्याच्या पेढीच्या कामासाठी दक्षिण आफ्रिकेत गेले. एका वर्षासाठी गेलेले गांधीजी तेथील हिंदी लोकांच्या हक्कांसाठी लढू लागले आणि तेथेच राहिले. १८९६ साली ते कुटुंबाला नेण्यासाठी परत आले. कस्तुरबा, दोन मुलगे हरिलाल व मणिलाल आणि एक भाचा यांना घेऊन ते जहाजाने निघाले. हे जहाजही दादा अब्दुल्ला यांचेच होते.

बदलाला जहाजावरच सुरुवात झाली. परदेशात आपण सुधारलेले दिसावे, म्हणून गांधीजींनी घरच्या मंडळींचा पोशाख ठरवला. कस्तुरबांनी पारशी पद्धतीने साडी नेसायची, मुलांनी पारशी कोट आणि पाटलोण घालायची. सर्वांनी बूट व मोजे घालायचे आणि काट्या-चमच्याने जेवायचे! बुटांनी पाय दुखत, मोज्यांना घामाचा वास येई. कस्तुरबांना हे काहीच आवडले नाही, पण पतीच्या आग्रहापुढे त्यांचे काही चालले नाही. काही वर्षांनी गांधीजींनाच हा थाट नकोसा झाला आणि तो सुटला.

जहाज दरबानच्या बंदरात पोहोचले, पण कोणाला उतरू देईनात. मुंबईत प्लेगची साथ आहे, असे कारण सांगितले गेले. खरे कारण वेगळे होते. गांधीजींनी आणि हिंदी लोकांनी तेथे येऊच नये, असे अनेक गोऱ्या लोकांना वाटत होते. जहाज २३ दिवस अडकून पडले. १३ जानेवारी १८९७ रोजी उतरण्याची परवानगी मिळाली. कस्तुरबा आणि मुले गाडीतून पारशी रुस्तमजी यांच्या घरी गेली. मागून पायी येणाऱ्या गांधीजींना मात्र जमावाने मारहाण केली. रात्री त्या घराला जमावाने वेढा घातला. शेवटी पोलीस अधिकाऱ्याने गांधीजींना वेष पालटून बाहेर काढले. नव्या देशातील कस्तुरबांचा पहिला दिवस असा गेला.

पुढे दरबानमध्ये त्यांचे बिऱ्हाड लागले. रामदास आणि देवदास या धाकट्या मुलांचा जन्म तेथेच झाला. घरात गांधीजींच्या कचेरीतील कारकूनही राहत. ते वेगवेगळ्या जातिधर्मांचे होते. खोल्यांना मोऱ्या नव्हत्या, त्यामुळे रात्री वापरलेली भांडी सकाळी साफ करावी लागत. हे काम गांधीजी आणि कस्तुरबा करीत. एकदा एक नवा कारकून राहायला आला. तो ख्रिस्ती होता, पण त्याचे आईवडील अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतील होते. त्याचे भांडे उचलणे कस्तुरबांच्या जिवावर आले. लहानपणापासूनचे संस्कार असे एका दिवसात कसे जातील? त्यांनी भांडे उचलले, पण डोळ्यांत पाणी होते. हे काम हसतमुखाने झाले पाहिजे, असा गांधीजींचा हट्ट होता. ते इतके रागावले, की हात धरून त्यांनी कस्तुरबांना फाटकापर्यंत ओढत नेले. परक्या मुलखात आपण जाणार कोठे, असे विचारून कस्तुरबांनी त्यांना लाज आणली. गांधीजी खरोखरच शरमले. ही हकीकत त्यांनी स्वतःच आपल्या आत्मकथेत लिहून ठेवली आहे.

मित्रांनो, येथे थोडे थांबा आणि विचार करा. गांधीजींचा विचार चांगला होता, पण तो त्यांनी जबरदस्तीने लादला. चांगली गोष्टही लादली, तर ती मनात रुजत नाही. कस्तुरबा बदलल्या, पण आपल्या गतीने. ज्यांचा विटाळ मानण्याची शिकवण त्यांना मिळाली होती, त्यांच्याबरोबर त्या हळूहळू एका कुटुंबासारख्या राहू लागल्या. जोहान्सबर्गच्या घरात हेन्री व मिली पोलक हे जोडपे त्यांच्या कुटुंबात राहिले. कस्तुरबांना इंग्रजी फारसे येत नव्हते. तरीही मोडक्यातोडक्या शब्दांत त्या मिलीबाईंशी संसाराच्या गोष्टी बोलत. त्यानंतर त्या दरबानजवळच्या फिनिक्स आश्रमात राहू लागल्या. तेथे सर्वांना अंगमेहनत करावी लागे.

मात्र प्रत्येक बदल त्यांनी मान्य केला नाही. एकदा त्या फार आजारी पडल्या. त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली होती आणि अंगात ताकद उरली नव्हती. डॉक्टरांनी गोमांसाचा रस घेण्यास सांगितले. गांधीजींनी निर्णय त्यांच्यावर सोपवला. प्राण गेला तरी चालेल, पण तो रस घेणार नाही, असे कस्तुरबांनी ठामपणे सांगितले. अशक्त अवस्थेत, पावसात त्यांना फिनिक्सला आणावे लागले. तेथे त्या हळूहळू बऱ्या झाल्या.

१९१३ साली एक मोठे संकट आले. केप प्रांतातील एका मुस्लीम गृहस्थाच्या पत्नीला देशात येऊ देण्याचा प्रश्न न्यायालयात गेला होता. ख्रिस्ती पद्धतीने न झालेले आणि सरकारी नोंद नसलेले लग्न कायदेशीर नाही, असा निकाल मार्च महिन्यात लागला. हिंदू, मुस्लीम आणि पारशी, सगळ्यांच्याच संसारावर हा घाला होता. या निकालामुळे बायका पत्नी ठरत नव्हत्या आणि मुलांचा वारसाहक्क जात होता. ज्या देशात इतक्या कष्टाने घर उभे केले, तेथे ते घरच कायद्याला मान्य नव्हते!

सत्याग्रहात स्त्रियांनीही उतरावे, असे गांधीजींना वाटू लागले. कस्तुरबांवर दडपण येऊ नये, म्हणून ते आधी इतर स्त्रियांशी बोलले. हे कस्तुरबांच्या कानांवर गेले. आपल्याला का विचारले नाही, आपल्यात असे काय उणे आहे, असा जाब त्यांनी विचारला आणि स्वतःहून नाव दिले. सप्टेंबर महिन्यात १६ जणांची तुकडी फिनिक्सहून निघाली. तीत कस्तुरबांसह ४ स्त्रिया होत्या. मुलगा रामदास होता आणि पहिल्या रात्री ज्यांनी आसरा दिला, ते रुस्तमजीही होते. परवान्याशिवाय ट्रान्सवालची हद्द ओलांडल्याबद्दल सर्वांना ३ महिने सक्तमजुरीची शिक्षा झाली. मॅरित्झबर्गच्या तुरुंगातील अन्न निकृष्ट होते. कस्तुरबा सुटून आल्या, तेव्हा केवळ हाडांचा सापळा उरला होता.

पण हे कष्ट वाया गेले नाहीत. हजारो मजूर लढ्यात सामील झाले. १९१४ साली नवा कायदा झाला. त्याने हिंदी लोकांच्या विवाहांना मान्यता दिली आणि मजुरांवरील ३ पौंडांचा कर रद्द केला. त्याच वर्षी गांधी कुटुंबाने दक्षिण आफ्रिका सोडली. जानेवारी १९१५ मध्ये कस्तुरबा मुंबईच्या बंदरात उतरल्या. पुढे त्या स्वातंत्र्यलढ्यात अनेकदा तुरुंगात गेल्या. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, कैदेत असतानाच त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी तेथेच आहे.

मित्रांनो, पुण्याला गेलात, तर ती समाधी जरूर पाहा. नवऱ्यामागून मुकाट्याने जहाजात चढलेली ती तरुणी तेव्हा आठवा. आपल्या घराच्या हक्कासाठी तीच पुढे स्वतःच्या मर्जीने तुरुंगात गेली. परक्या देशात त्या बदलल्या; पण काय स्वीकारायचे आणि काय नाही, हे त्यांनी स्वतःच्या मनाला विचारून ठरवले.