क्ष-किरणांचे जनक : व्हिल्हेल्म राँटगेन

खेळताना पडून हाताचे हाड मोडले, तर डॉक्टर प्रथम त्या हाताचे क्ष-किरण चित्र काढावयास सांगतात. शस्त्र न चालविता शरीराच्या आतील स्थिती पाहण्याची ही विद्या ज्या शास्त्रज्ञाने जगास दिली, त्याला एके काळी शाळेतून काढून टाकण्यात आले होते, हे आपणांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

व्हिल्हेल्म कोनराट राँटगेन यांचा जन्म २७ मार्च १८४५ रोजी जर्मनीतील लेनेप या गावी एका कापड-व्यापाऱ्याच्या घरी झाला. ते तीन वर्षांचे असताना हे कुटुंब हॉलंडमध्ये स्थायिक झाले. पुढे युट्रेख्टच्या तांत्रिक शाळेत कोणा विद्यार्थ्याने शिक्षकाचे व्यंगचित्र काढले आणि त्याचा आळ व्हिल्हेल्मवर आला. खरा चित्रकार कोण हे त्यास ठाऊक होते. परंतु सोबत्याचे नाव त्याने सांगितले नाही. त्याची शाळा सुटली आणि शालान्त प्रमाणपत्रही हातचे गेले.

झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये त्या प्रमाणपत्रावाचून प्रवेश मिळू शकत असे. तेथे त्यांनी १८६८ साली यंत्र-अभियांत्रिकीची पदविका मिळविली व पुढील वर्षी डॉक्टरेट संपादन केली. तरीही वुर्ट्सबुर्ग विद्यापीठाने शालान्त प्रमाणपत्राच्या अभावी त्यांना अध्यापनाचा अधिकार नाकारला. राँटगेन खचले नाहीत. स्ट्रासबुर्ग, होहेनहाइम व गीसेन येथे अध्यापन व संशोधन करून त्यांनी नाव मिळविले. अखेर १८८८ साली त्याच वुर्ट्सबुर्गने त्यांना पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक म्हणून सन्मानाने बोलाविले, आणि १८९४ मध्ये ते त्या विद्यापीठाचे प्रमुख झाले.

दि. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी अंधाऱ्या प्रयोगशाळेत ते विद्युत्-नलिकेवर प्रयोग करीत होते. नलिका काळ्या पुठ्ठ्याने पूर्ण झाकलेली असूनही जवळचा रासायनिक लेप दिलेला पडदा उजळलेला त्यांना दिसला. कोणते तरी अज्ञात किरण पुठ्ठ्यातून आरपार जात होते! कित्येक आठवडे त्यांनी प्रयोगशाळेतच जेवण व झोप घेऊन त्यांचा छडा लावला. दि. २२ डिसेंबर रोजी पत्नी बर्था हिच्या हाताचे त्यांनी चित्र घेतले. त्यात बोटांची हाडे व अंगठी स्पष्ट उमटली. अज्ञात म्हणून त्या किरणांस त्यांनी ‘क्ष’ हे नाव दिले.

१९०१ सालचे पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना लाभले. ती रक्कम त्यांनी वुर्ट्सबुर्ग विद्यापीठास अर्पण केली. शोधाचा लाभ सर्वांस मिळावा म्हणून त्यांनी एकस्व घेतले नाही; सरदारकीची पदवीही नाकारली. पहिल्या महायुद्धानंतरच्या भयंकर चलनवाढीत त्यांची पुंजी नष्ट झाली, आणि १० फेब्रुवारी १९२३ रोजी म्युनिक येथे त्यांचे देहावसान झाले.

१९७१ साली इंग्लंडमध्ये हाउन्सफील्ड या अभियंत्याच्या यंत्राने याच किरणांच्या व संगणकाच्या साहाय्याने रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले. आज अशा चित्रांचे सूक्ष्म विश्लेषण हे अभियांत्रिकीचे एक स्वतंत्र क्षेत्र झाले आहे. त्याचा पाया घालणाऱ्या राँटगेन यांच्याजवळ शालान्त प्रमाणपत्र नव्हते; परंतु सोबत्याचे नाव न सांगणारी निष्ठा आणि आठवडेच्या आठवडे एका प्रश्नामागे लागण्याची चिकाटी त्यांच्याजवळ होती. आपण विद्यार्थ्यांनी त्यांच्यापासून घ्यावयाचे ते हेच.