मौलानांचा चहा

मुलांनो, शहापूरच्या एस.टी. स्थानकाजवळ किंवा मुरबाडच्या बाजारात चहा कसा करतात, ते तुम्ही पाहिले असेल. पातेल्यात पाणी, साखर, चहाची भुकटी, थोडे आले, कधी गवती चहाची पात. मग दूध घालून खळखळून उकळी! आपल्याला हा चहा फार आवडतो. मौलाना अबुल कलाम आझादांना मात्र तो पातळ हलव्यासारखाच वाटला असता.

हो, तेच मौलाना आझाद, ज्यांचा ११ नोव्हेंबर हा जन्मदिवस आपण राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून साजरा करतो. त्यांचा जन्म १८८८ साली मक्केत झाला, पण ते वाढले कलकत्त्यात. १९१२ साली त्यांनी 'अल् हिलाल' हे उर्दू साप्ताहिक काढले. त्यातील लेखांमुळे इंग्रज सरकार चिडले. १९२३ साली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले.

पुढे १९४० साली ते पुन्हा अध्यक्ष झाले. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत 'छोडो भारत'चा ठराव झाला, तो त्यांच्याच अध्यक्षतेखाली. दुसऱ्या दिवशी पहाटेच पोलीस आले. मौलाना, पंडित नेहरू, सरदार पटेल आणि इतर नेत्यांना आगगाडीने अहमदनगरला नेण्यात आले. मुरबाडवरून माळशेज घाट चढून गेलेला रस्ता ज्या नगरला पोहोचतो, तेच हे शहर. २०२४ साली त्याचे नाव अहिल्यानगर झाले. तेथील ज्या भुईकोट किल्ल्यासाठी चांदबिबी लढली, त्याच किल्ल्यात हे नेते कैदी झाले.

मौलाना पहाटे तीन-चारच्या सुमारास उठत. सगळा किल्ला झोपलेला असे. ते स्वतः पाणी तापवीत आणि स्वतःच चहा करीत. त्यांचा चहा चिनी, जास्मिनचा. चंबेलीच्या जातीची ताजी फुले पानांत मिसळून ठेवली, की पाने तो सुगंध शोषून घेतात. अशी नाजूक पाने पातेल्यात उकळली, तर सुगंध उडून जातो आणि चहा कडू होतो. म्हणून गरम पाणी ओतून ती थोडा वेळ मुरू द्यायची. दूध तर मुळीच नाही! चहात दूध घालण्याची खोड इंग्रजांनी लावली, असे त्यांचे मत होते. साखर मात्र त्यांना लागे, पण ती अगदी स्वच्छ हवी. लहानशा पेल्यातून घोट घोट चहा घेत ते आपले मित्र मौलाना हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना पत्रे लिहीत. ही पत्रे टपालात पडणार नाहीत, हे ठाऊक असूनही ते लिहीतच राहिले.

या काळात कलकत्त्यात त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम आजारी पडल्या. मौलानांना सरकारला काही कळवायचे असेल, तर कळवावे, असे किल्ल्याच्या अधिकाऱ्याने सुचवले. अर्ज केला असता, तर कदाचित पत्नीची भेट झाली असती. पण ज्या सरकारला देश सोडून जा म्हटले, त्याच्याकडे विनवणी कशी करायची? त्यांनी अर्ज केला नाही. ९ एप्रिल १९४३ रोजी बेगम वारल्या. मौलाना रोजच्या वेळेला जेवायला येत राहिले. वरून ते शांत दिसत. पण ही शांतता किती कष्टाने राखली, ते त्यांनी नंतरच्या पत्रात लपवलेले नाही.

१९४५ साली त्यांची सुटका झाली. स्वतंत्र भारताचे ते पहिले शिक्षणमंत्री झाले आणि २२ फेब्रुवारी १९५८ रोजी निधन होईपर्यंत त्या पदावर राहिले. १९९२ साली त्यांना मरणोत्तर 'भारतरत्न' हा किताब देण्यात आला.

किल्ल्यातील ती पत्रे १९४६ साली 'गुबारे खातिर' या नावाने छापली गेली. त्यांत चहा आहे, कोठडीत घरटे बांधणाऱ्या चिमण्या आहेत आणि झुलेखा बेगमही आहेत. आम्हा मराठी वाचकांना त्यासाठी अनुवाद शोधावा लागतो. तुम्ही मात्र ते पुस्तक मौलानांच्याच भाषेत वाचू शकाल.