गाडगेबाबांचा खराटा आणि गावाचे आरोग्य

६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ संत गाडगेबाबांनी देह ठेवला. पहिल्या दुःखाचे स्मरण आपल्या घरोघरी होते. दुसऱ्याचे स्मरण करणे हेही आम्ही आपले कर्तव्य समजतो. रोग दाराशी येण्यापूर्वीच तो कसा अडवावा, हे या निरक्षर माणसाने गावोगावी स्वतःच्या हाताने करून दाखविले होते.

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात २३ फेब्रुवारी १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील दारूपायी अकाली गेले. आई सखुबाईंबरोबर डेबूजी मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या आजोळी आले. तेथे त्यांनी गुरे राखली आणि शेती केली. सावकाराने मामांची जमीन कशी गिळली, हेही तेथेच पाहिले. दारू, कर्ज आणि अज्ञान ही तीन दुखणी एकमेकांना धरून असतात, हे त्यांना कोणत्याही ग्रंथावाचून कळले. पहिल्या अपत्याच्या बारशाला मटण व दारू देण्याचा रिवाज होता. तो मोडून त्यांनी गोडाचे जेवण घातले. भावकीचा रोष त्यांनी शांतपणे सोसला. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले.

अंगावर चिंध्यांचे वस्त्र, डोक्यावर व हाती मातीचे गाडगे आणि सोबत खराटा, एवढाच त्यांचा संसार होता. गावात शिरताच ते कोणाला न विचारता रस्ते झाडू लागत, गटारे मोकळी करीत. संध्याकाळी त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन होई. कीर्तनात ते श्रोत्यांना साधे प्रश्न विचारीत आणि उत्तरे त्यांच्याच तोंडून काढून घेत. दिवसा खराट्याने गाव झाडावे आणि रात्री कीर्तनाने माणसांची मने, असा त्यांचा क्रम होता.

या कामाचे मोल कळण्यासाठी त्या काळचे गाव डोळ्यांसमोर आणावे लागते. पटकीची साथ आली की मरीआईचा कोप झाला असे मानीत. बोकड कापला जाई आणि मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेपलीकडे, म्हणजे शेजारच्या गावाच्या हद्दीत, लोटला जाई. पटकीचा जंतू मात्र गाड्यात बसून जात नसे. तो विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून पोटात जात असे. रॉबर्ट कॉख यांनी हा जंतू १८८४ मध्ये कलकत्त्यात शोधून दाखविला होता, पण ती वार्ता आपल्या खेड्यांपर्यंत कोण आणणार? बाबांनी पशुहत्येला कडाडून विरोध केला आणि नवसाऐवजी स्वच्छतेचा मार्ग दाखविला. यात्रेत माणसांची दाटी होते आणि पाणी बिघडते, म्हणून साथींची भीती यात्रांतच अधिक असे. बाबा पंढरपूरला जात, पण देवळात न जाता चंद्रभागेचे वाळवंट झाडीत. आमच्या धाराशिव जिल्ह्यातून पंढरीला जाणाऱ्या आणि तुळजापूरची गर्दी पाहणाऱ्या प्रत्येकाला त्या झाडण्याचा अर्थ सहज कळेल.

आम्हाला मात्र या खराट्यात आणखी एक अर्थ दिसतो. खराटा आपल्या समाजाला नवा नव्हता. तो जन्मानेच आपल्या हाती दिला होता आणि त्याच कारणाने आपल्याला अस्पृश्य ठरविले होते. घाण एकाने करावी आणि दुसऱ्याच्या जातीने ती काढावी, अशी व्यवस्था असली की गाव कधीच स्वच्छ होत नाही, कारण घाण करणाऱ्याला तिची लाज उरत नाही. बाबांनी खराटा स्वेच्छेने उचलला आणि पाटील-कुलकर्ण्यांच्या देखत गावकऱ्यांच्या हाती दिला. विनयपिटकात तथागतांचा एक प्रसंग आहे. अतिसाराने मलमूत्रात पडलेल्या एका भिक्खूला त्यांनी आनंदांच्या मदतीने स्वतः न्हाऊ घातले आणि संघाला रुग्णसेवेची शिकवण दिली. दोन्ही ठिकाणी शिकवण एकच आहे : स्वच्छता हे कोणत्याही जातीचे काम नव्हे, ते करुणेचे काम आहे.

लोकांनी दिलेल्या पैशातून बाबांनी ऋणमोचन येथे पूर्णा नदीवर घाट बांधला. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. स्वतःसाठी त्यांनी झोपडीही बांधली नाही. पंढरपुरात ज्यांना कोणी थारा देत नसे, त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा झाली. ही वास्तू १९४९ मध्ये त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी दिली. निवासी शाळेत वाढलेल्या आमच्यासारख्यांना या दानाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. त्यांच्या नावाच्या दादरच्या धर्मशाळेत आजही कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातलग आसरा घेतात.

आरोग्य गावकऱ्यांच्या हाती असते, याचा दाखला पुढे मराठवाड्याने पाहिला. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरताना नारूचे रुग्ण पाणी दूषित करीत आणि पिणाऱ्यांच्या पायांतून वर्षभराने दोऱ्यासारखा जंत बाहेर पडे. या रोगावर ना लस होती, ना खात्रीचे औषध. पायऱ्या बंद केल्या, पाणी फडक्याने गाळून घेतले, हातपंप बसविले, आणि नारू गेला. देशातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये नोंदला गेला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त ठरला.

आज रोगांची नावे बदलली आहेत. आमचा जिल्हा अवर्षणाचा. टँकरचे पाणी रांजणात आणि पिंपात दिवसेंदिवस साठवावे लागते. डेंग्यूचा डास नेमक्या अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत नवा डास तयार होतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस भांडी रिकामी करून, घासून कोरडी ठेवावीत आणि एरवी झाकून ठेवावीत. हे काम कोणताही डॉक्टर येऊन करणार नाही. हाताने मैला काढण्याच्या प्रथेवर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरीही गटारात गुदमरून माणसे मरतात आणि ती बहुधा आपल्याच वस्त्यांतील असतात. संत गाडगेबाबांच्या नावाने २००० साली राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, गावांना बक्षिसेही मिळाली. पण ज्या गावात खराटा अजूनही एकाच वस्तीतून येतो, त्या गावाने बाबांना ओळखले असे आम्ही मानत नाही.

माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी आपापल्या गावी आठवड्याचा तो एक दिवस पाळावा आणि त्या दिवशी खराटा घराघरांतून, साऱ्या वस्त्यांतून निघावा, एवढीच आमची विनंती आहे. निष्काम लोकसेवक संत गाडगेबाबांना आमचे विनम्र अभिवादन.