नामदार गोखले आणि देशाचा जमाखर्च

अंकगणित रुक्ष, अशी पुष्कळ विद्यार्थ्यांची समजूत असते. ती दूर व्हावी म्हणून आम्ही येथे नामदार गोखल्यांचे स्मरण करीत आहोत.

गोपाळ कृष्ण गोखले ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक गावी जन्मले. वडील लवकर वारले. थोरल्या बंधूंनी पोटाला चिमटा घेऊन त्यांना शिकविले. पुढे पुण्यास अध्यापन करीत असता त्यांनी अंकगणिताचे पाठ्यपुस्तकही रचिले.

१९०२ साली ते कलकत्त्यास वरिष्ठ कायदेमंडळात गेले. तेथे सभासदांना सरकारी अंदाजपत्रकावर केवळ बोलण्याची मुभा होती. मत देण्याचा अधिकार नव्हता. सरकार शिलकेचा डौल मिरवीत होते. दुष्काळाने रयत गांजलेली असता तिजोरीत शिल्लक पडते, याचा अर्थ कर अवाजवी आहेत, हे गोखल्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखविले. मिठावरील कर मणामागे अडीच रुपये होता. तो १९०३ पासून उतरत १९०७ साली एक रुपयावर आला. १९०९ च्या कायद्याने सभासदांना अंदाजपत्रकावर ठराव मांडण्याचा हक्क लाभला. मात्र ते ठराव सरकारवर बंधनकारक नव्हते.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले निवर्तले. मताचा अधिकार नसला तरी अभ्यासाचा अधिकार कोणी हिरावू शकत नाही, हाच त्यांच्या चरित्राचा बोध होय, असे आम्हांस वाटते.