एक्सपी आजही चालते, ट्युरिंग यांच्यामुळे
२०२१च्या पुरात महाडमधल्या एका डीटीपीवाल्या काकांचा पीसी गेला. फाईली पोलादपूरला सीडीवर होत्या, पण उघडणार फक्त विंडोज एक्सपीवर. मग मी लॅपटॉपमध्ये व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेला दुसरा कॉम्प्युटर तयार केला, त्याचं इंटरनेट बंद ठेवलं आणि एक्सपी टाकली. फाईली उघडल्या!

यामागची मूळ कल्पना ॲलन ट्युरिंग यांची. जन्म १९१२, लंडन. वडील मद्रास प्रांतात अधिकारी. एक मशीन योग्य सूचना वाचून दुसऱ्या कुठल्याही गणनयंत्राची नक्कल करू शकतं, हे त्यांनी १९३६ मध्येच दाखवलं. तुमच्या फोनवरचा गेम इम्युलेटरही तेच करतो. महायुद्धात त्यांनी जर्मन गुप्तसंदेश फोडायला मदत केली. तरी समलिंगी संबंधांसाठी १९५२ मध्ये ब्रिटनने त्यांना दोषी ठरवलं. १९५४ मध्ये, ४१व्या वर्षी ते गेले. राणीची माफी आली २०१३ मध्ये, ५९ वर्षांनी.